अकरावा डबा

मी चौथी शिकलेली बाई आहे. अक्षर बरं आहे, एवढंच. ही वही कुणी वाचावी म्हणून लिहीत नाही. एक गोष्ट तोंडाने सांगायची होती, ती वेळेवर सांगता आली नाही. आता निदान हाताने लिहून ठेवते.

लग्न होऊन कोळवणच्या खोऱ्यातल्या या गावात आले, तेव्हा नवे पैसे नुकतेच सुरू झाले होते आणि शेर जाऊन किलो येणार असं लोक पारावर बोलत होते. गावात एका खोलीची शाळा होती आणि गुरुजीही एकच. एका पावसाळ्यात खोलीचं छप्पर खचलं, तेव्हा मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, शाळा आमच्या पडवीत भरवायला सांगितली. पडवी आणि माजघर यांच्यामध्ये एक दार होतं. सासरची माणसं आणि परका पुरुष समोर असताना मी त्या दाराच्या पुढे कधी आले नाही. कुणी बंदी केली होती असंही नाही. माझा स्वभावच तसा. चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की मी आत पळायची.

गुरुजी पुण्याकडचे, ट्रेनिंग घेऊन आलेले. आठवड्यातले तीन दिवस आमच्या गावात आणि तीन दिवस नदीपलीकडच्या गावात शिकवायचे. चार इयत्ता एकाच पडवीत बसायच्या. त्यातही मुलं रोज कुठली येतात? कुणी गुरांमागे, कुणी लावणीला, कुणी लहान भावंडाला सांभाळायला घरी. गुरुजी म्हणायचे की भागाकार न कळणाऱ्या पोराची चूक नसते, वजाबाकीच्या दिवशी ते म्हशीवर बसलेलं असतं. यावर त्यांनी एक युक्ती काढली. गणित आणि शास्त्र यांचे त्यांनी बारा तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकडा एका डब्यात घातला.

डबे चहाचे आणि बिस्किटांचे, पौडच्या दुकानदाराकडून मागून आणलेले. प्रत्येक डब्यात एक पुठ्ठा असायचा. त्यावर काय करून बघायचं ते सोप्या शब्दांत लिहिलेलं, आणि करून बघायला लागणारं सामान त्याच डब्यात. पहिल्या डब्यात चिंचोके होते. तिसऱ्यात करवंटीचा तराजू आणि एका पिशवीत किलोभर वाळू होती. ती घरच्या शेराशी ताडून बघायची. सहाव्यात काठी आणि गाठी मारलेली दोरी, सावली मोजायला. पुठ्ठ्याच्या शेवटी एक प्रश्न. त्याचं उत्तर बरोबर आलं की पुढचा डबा, चुकलं की तोच पुन्हा. मूल पंधरा दिवसांनी आलं तरी आपल्या डब्यावरून पुढे सुरू करायचं. कुणाच्या मागे पडायची भीती नाही. मुलं वाटेत एकमेकांना भेटली की विचारायची, "तुजा कितवा?" पारावर बसलेले बापसुद्धा विचारायला लागले.

गुरुजी पलीकडच्या गावात असतील त्या दिवशी डबे कुणी द्यायचे, उत्तरं कुणी तपासायची, हा प्रश्न होता. गावात चौथी झालेली बाई मी एकटी. गुरुजींनी मामंजींना विचारलं, मामंजी आत बघून म्हणाले, "करंल की ती, बसूनच असती." मी बसून कधी असायची ते देव जाणे. पण डब्यांची पेटी आणि उत्तरांची वही माझ्याकडे आली. मुलांसमोर मला बोलता यायचं. दाराच्या चौकटीला टेकून मी उत्तरं तपासायची.

आणखी एक गोष्ट लिहिली पाहिजे. दुपारी सगळे आडवे झाले की मी स्वतः ते डबे काढून करायची. मला पाचवीत जायचं होतं. माहेरी कुणी पाठवलं नव्हतं. चिंचोके मांडताना आत्याबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "पोराबाळांचा ख्योळ खेळतीस व्हय गं?" मी हसले आणि चिंचोके गोळा केले. पण डबा पूर्ण केल्यावरच झोपले.

डोंगरावरच्या वाडीतून एक मुलगी शाळेत यायची. अकराबारा वर्षांची, चौथी झालेली. बाप मोलमजुरी करायचा, कधी कोळशाच्या भट्टीवर, कधी आमच्याच शेतात. ती तासभर उतरून यायची आणि सगळ्यांच्या आधी पोचायची. बोलायला फटकळ. पण डब्यापुढे बसली की एकेक गोष्ट तीन-तीनदा मोजायची. सहाव्या डब्यात तिचं सावलीचं उत्तर वहीतल्या उत्तराशी जुळेना. मी चूक म्हटलं. ती ऐकेना. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिने मला अंगणात बोलावून दोरी धरायला लावली. तिचंच बरोबर होतं, कारण वहीतलं उत्तर गुरुजींनी थंडीच्या दिवसांत मोजून लिहिलं होतं. गुरुजींनी वही खोडून दुरुस्त केली आणि सगळ्या मुलांना सांगितलं, जे दिसलं तेच लिहायचं, वहीत काहीही असो. त्यांचा तो एकच कडक नियम होता. उत्तर चुकलं तर ते कधी रागावले नाहीत. पण न बघता, न मोजता आकडा लिहिला, तर त्या मुलाला पहिल्या डब्यापासून सुरुवात.

त्या वर्षी उन्हाळ्यात गुरुजी पौडला जाऊन मुलींच्या बोर्डिंगात एका जागेचं बोलून आले. जूनमध्ये शाळा सुरू झाली की पंधरा दिवसांत मुलगी आणून दाखवा, असं तिथल्या बाईंनी सांगितलं होतं. गुरुजी म्हणाले, जी बाराही डबे पूर्ण करेल तिला मी स्वतः घेऊन जाईन. नाव घेतलं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं. दहा डबे तिचे झाले होते. तिच्या बापाने पडवीखाली उभं राहून गुरुजींना सांगितलं, "यंदा घिऊन जावा. पुढल्या साली न्हाई जमायचं. मोटी झाल्यावर पोरीला कोन ठिवतं?" म्हणजे जे काही होणार ते त्या पंधरा दिवसांत.

अकरावा डबा भाताचा होता. मिठाचं पाणी करायचं. त्यात अंडं टाकायचं, अंडं वर तरंगेपर्यंत मीठ घालत राहायचं. मग त्या पाण्यात बियाण्याचं भात टाकायचं. भरलेले दाणे बुडतात, हलके वर येतात. दोन्ही वेगळे काढून साध्या पाण्यात धुवायचे आणि वीस-वीस दाणे दोन ताटल्यांत ओल्या फडक्यात ठेवायचे. रोज बघून मोड आलेले दाणे मोजायचे आणि शेकडा किती उगवले ते गणित करायचं. अंडं आमच्या घरचं घेतलं. आत्याबाई म्हणाल्या, "उकडून खायचं सोडून त्याला पोहाया शिकवताय व्हय?" मुलं दिवसभर तेच म्हणत हसत होती.

ताटल्या ठेवायच्या कुठे? तिच्या खोपटात कोंबड्या, पडवीत मुलांचे पाय. गुरुजी म्हणाले, वहिनी, तुमच्या चुलीमागे उबेला ठेवा आणि दोन वेळा पाणी शिंपडा. मुलीला आमच्या स्वयंपाकघरात येता येत नव्हतं. म्हणून मी ताटल्या दारापर्यंत आणून द्यायच्या, तिने पडवीत बसून मोजायच्या आणि मी परत आत न्यायच्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने मोजलं आणि वहीत लिहिलं. मी आकडे पाहिले नाहीत. मला भाकरी टाकायच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी बाजूला बसले. तेव्हा घरोघर तीन दिवस पाळायचे. मुलं विचारायला लागली तर कावळा शिवला म्हणून सांगायचं. परसात गोठ्याशेजारी एक कोपरा होता. तिथे बसायचं, कशाला हात लावायचा नाही, चौथ्या दिवशी डोक्यावरून अंघोळ करून घरात यायचं. ताटल्या चुलीमागे राहिल्या.

मी आत्याबाईंना हळूच म्हटलं की चुलीमागे ताटल्या आहेत, त्यांवर तेवढं पाणी शिंपडा. त्या लाकडं आत नेत होत्या. म्हणाल्या, "भाताला पानी पाजाया आबाळ हाय की वर." मी पुन्हा म्हटलं नाही. एकदा सांगितलं, ऐकलं असेल, असं मनाला सांगितलं. मला माहीत होतं त्यांनी ऐकलं नव्हतं.

दुपारी ती मुलगी परसाकडून आली. मला कोपऱ्यात बसलेली बघून लांबच थांबली. "काकी, पानी कोन घालतंय?" तिने विचारलं. मी म्हटलं, "आत्याबाई घालतात." ती म्हणाली, "त्यास्नी सांगा, फडकं पिळून न्हाई, ओलंच ठिवायचं." मी हो म्हटलं. तीन दिवस ती रोज येऊन लांबून विचारत होती आणि मी रोज तेच उत्तर देत होते. गुरुजी पलीकडच्या गावात होते.

चौथ्या दिवशी अंघोळ करून मी आधी चुलीमागे गेले. फडकी पापडासारखी कडक झाली होती. आत मोड काळे पडून दाण्याला चिकटले होते. चाळीसच्या चाळीस दाणे मेले होते, आणि गुरुजी दुपारी यायचे होते. पुन्हा दाणे भिजवून मोड यायला चार दिवस लागतात, बोर्डिंगची मुदत संपायला पाच उरले होते आणि बारावा डबा अजून बाकी होता.

मला काय सांगायचं होतं? गुरुजींना सांगायचं की ताटल्या सुकल्या. ते विचारणार, का सुकल्या. परक्या पुरुषाला मी काय उत्तर देणार होते? आज माझ्या नाती असल्या गोष्टी सहज बोलतात. तेव्हा मला तो शब्द तोंडातून काढण्यापेक्षा विहिरीत उडी मारणं सोपं वाटलं असतं.

आमचं रोपाचं भात भिजवून टोपलीत ठेवलं होतं, त्याला छान पांढरे मोड आले होते. मी त्यातले वीस दाणे घेतले आणि बुडालेल्या दाण्यांच्या ताटलीत मांडले. दुसऱ्या ताटलीसाठी सुपातलं पोल, म्हणजे आत दाणा न भरलेलं, भात घेतलं आणि ओलं करून ठेवलं. उत्तरांच्या वहीत लिहिलं होतं की हलके दाणे उगवत नाहीत किंवा फार थोडे उगवतात. मला वाटलं, हे चांगलंच दिसेल. मुलीचंही भलं होईल. सुकलेले दाणे मी चुलीत टाकले.

भलं होईल असं मला वाटलं, हे खरं. पण सगळं खरं लिहायचं तर हेही लिहिते की मी स्वतः दहाव्या डब्यावर अडकले होते. ती माझ्या पुढे गेली होती आणि ते मला टोचत होतं. ताटल्या सुकलेल्या पाहिल्या तेव्हा वाईट वाटलं, आणि त्यातच थोडं बरंही वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

दुपारी गुरुजी आले. मी ताटल्या दारातून दिल्या. गुरुजींनी फडकी उघडली. पहिल्या ताटलीत वीसच्या वीस उगवलेले, दुसरीत एकही नाही. ते खूश झाले. मग त्यांनी मुलीची वही घेतली. तिसऱ्या दिवसाच्या ओळीत तिने लिहिलं होतं: बुडालेले, मोड आलेले अकरा. तरंगलेले, मोड आलेले चार.

गुरुजींनी दुसऱ्या ताटलीतले दाणे बोटाने फिरवून पुन्हा पाहिले. म्हणाले, "मोड आलेला दाणा परत मिटत नाही. हे चार कुठे गेले?"

मुलगी गुडघ्यावर वाकली आणि एक दाणा उचलून दाबून बघितला. "ह्ये माजं दानं न्हाईत," ती म्हणाली. "ह्ये पोल हायेत. माजं बदललं कुनीतरी."

मुलं हसली. एक जण म्हणाला, "तुजं दानं चोराया चोर आला व्हता काय?" गुरुजींनी त्याला गप्प केलं आणि दाराकडे बघून विचारलं, "वहिनी, ताटल्या याच ना?"

मामंजी ओट्यावर सुपारी कातरत होते. तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मी सांगेन याची तिला खात्री होती.

मी म्हटलं, "व्हय."

गुरुजी ओरडले नाहीत. वही मिटून तिला परत दिली आणि म्हणाले की तुझ्याकडून असं होईल असं वाटलं नव्हतं, पण नियम सगळ्यांना एकच. तिच्यापुढे पहिला डबा ठेवला. तिने तो उघडला नाही. उठून डोंगराच्या वाटेला लागली. त्या वर्षी गुरुजींनी पौडला कुणालाच नेलं नाही.

मग लावणी सुरू झाली. एके दिवशी न्याहारी घेऊन मी शेतावर गेले, तर ती रोपं लावणाऱ्या बायकांत होती. सगळ्या बांधावर जेवायला बसल्या. ती हात धुऊन माझ्याजवळ आली आणि खाली बसली. हळू आवाजात म्हणाली, "काकी, तुमी बाजूला बसला व्हता तवा माजं मोड सुकलं का?"

तिने ते सगळं एकटीनेच जुळवलं होतं. मी मान हलवली.

"मंग बरूबर हाय," ती म्हणाली. "चार व्हते. मला वाटाय लागलं माजंच मोजाय चुकलं. रातीचं झोपंत बी मोजत व्हते." मग भाकरी संपवली. शेवटी म्हणाली, "गुर्जीस्नी सांगशीला?"

मी हो म्हटलं. आणि सांगायला आणखी पंधरा दिवस लावले. रोज ठरवायची, रोज दारापर्यंत जायची, रोज परत यायची. शेवटी एका पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहिलं: ताटल्या माझ्याकडून सुकल्या. दाणे मी बदलले. मुलीने लिहिलं ते खरं आहे. तो तुकडा अकराव्या डब्यात ठेवला आणि डबा गुरुजींच्या हातात दिला.

त्यांनी वाचलं. का सुकल्या ते विचारलं नाही. बहुतेक समजले असावेत. फक्त म्हणाले, "हे लिहायला दीड महिना लागला, वहिनी?" आणि शाळा सुटल्यावर तसेच डोंगर चढून वाडीवर गेले.

बोर्डिंगची जागा भरली नव्हती, बाई अजून घ्यायला तयार होत्या, असं गुरुजींकडून नंतर कळलं. म्हणजे अजूनही वेळ गेली नव्हती. पण बाप ऐकायला तयार नव्हता. त्याचं म्हणणं एकच होतं. माझ्या पोरीला साऱ्या गावापुढे लबाड ठरवलं, वाडीवर सगळे तिला दाणेचोर म्हणून चिडवतात. ज्या पडवीत ती लबाड ठरली, त्याच पडवीत, पोरांपुढे, ज्यांनी केलं त्यांनी सांगावं. मग नेतो पौडला. गुरुजींनी मी सांगतो म्हटलं. तो म्हणाला, तुमी तर फसलेलं माणूस, तुमी काय सांगणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाप मुलीला घेऊन आला. तिने धुतलेलं परकर-पोलकं घातलं होतं आणि एक गाठोडं बरोबर होतं. म्हणजे तिथूनच पौडची एस.टी. धरायची तयारी होती. बाप अंगणात उकिडवा बसला. मुलं पडवीत होती, मामंजी ओट्यावर. आत्याबाई माझ्या मागे तांदूळ निवडत होत्या. गुरुजी दाराजवळ आले आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "वहिनी, एवढंच सांगा की तिचं खरं होतं. कारण सांगू नका. कुणी विचारलं तर मी बघतो."

मला एवढंच सांगायचं होतं. तिचं खरं होतं. तीन शब्द.

मी चौकटीला धरून उभी राहिले. ओठ हलले असतील. मामंजींनी सुपारी कातरायची थांबवून आत बघितलं, मुलंही बघायला लागली. मनात विचार आला, मामंजी विचारतील का बदललेस, सगळं बाहेर येईल, घरात कुणाची काय इज्जत राहील. मी दोन पावलं पुढे जायच्याऐवजी एक पाऊल मागे आले. आता दाराआड मी कुणाला दिसत नव्हते.

बाप बसून राहिला. चंची काढून त्याने तंबाखू मळली, तोंडात टाकली. मग तो उठला, मुलीचं गाठोडं स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि म्हणाला, "चल." तिने एकदाही मागे वळून बघितलं नाही. ते मी दाराच्या फटीतून पाहिलं.

मामंजींनी विचारलं, "कशापायी आला व्हता रं तो?" गुरुजी म्हणाले, "काही नाही, असाच." आणि दुसरीच्या मुलांना पाढे म्हणायला सांगितले.

पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं, वरघाटातल्या कुठल्याशा वाडीत. गुरुजींची बदली झाली. नव्या गुरुजींनी डबे रिकामे करून आम्हाला परत दिले. त्यात आत्याबाईंनी हरभरे, मटकी, हुलगे भरून ठेवले. दहावा मी कसाबसा पूर्ण केला होता, पण माझा अकरावा डबा करायचा राहूनच गेला. पुढे कितीदा बियाण्याचं भात हातात आलं, मीठ होतं, अंडं होतं, वेळही होता. मी केलं नाही. विसातले चार उगवलेले बघायची मला हिंमत झाली नाही.